वरच्या खोल्यांचं भाडं

प्रिय मंगल,

हे पत्र तुझा नवराच तुझ्या हातात देईल. आज दुपारच्या धारूरच्या गाडीवर कंडक्टर परमेश्वरच आहे, म्हणून पोस्टाचं तिकीट वाचलं. पाकीट मी खळ लावून पक्कं डकवलंय. त्याला नंतर वाचू दे, आधी तू वाच. तुझ्या आईचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढलेल्या माणसानं चुलीपुढं बसायचं नसतं, हे तुझं त्या ऐकणार नाहीत, तर माझं नाव सांग. आरोहीची काळजी करू नकोस. माझ्या हातचं पिठलं तिला तुझ्या हातच्यापेक्षा जास्त आवडतं, फोनवर ती तुला वेगळंच सांगते एवढंच.

रोज फोन होतो, मग काकूंना पत्राचं काय खूळ लागलं, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस का? माझं वाक्य संपायच्या आत तुझं उत्तर तयार असतं. कागद तरी निमूट ऐकून घेतो.

तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तेव्हा केजमध्ये खोली मिळणं नशिबाचं काम होतं. रस्ता मोठा होणार म्हणून जो तो प्लॉटच्या मागे लागला होता. घरांचे भाव चढले, तसं आम्हा घरमालकांनाही बळ चढलं. दर पाडव्याला मी भाडं वाढवायची आणि तू तोंड पाडून द्यायचीस. आता भाव पडलेत, धारूर रोडच्या नव्या रो-हाऊसांकडे कुणी फिरकत नाही. माझा आदिनाथ पुण्याहून मला शिकवतो, की भाव पडले की लोक घर घ्यायचं लांबवतात, भाड्यानंच राहतात, म्हणून भाडी वाढतात. वाढत असतील पुण्यात. इथं बिल्डरनं न विकलेली घरंच भाड्यानं द्यायला काढली आणि गावातली सगळी भाडी खाली आली. समोरच्या बायनाबाईंची खोली दिवाळीपासून रिकामी आहे. पूर्वी त्या भाडेकरूची जात, मुलं, येणारेजाणारे सगळं खोदून विचारायच्या. परवा रस्त्यानं चाललेल्या एका माणसाला हाक मारून त्यांनी खोली दाखवली. तो बिचारा भंगार गोळा करायला आला होता.

म्हणून या पाडव्याला मी आपणहून तुझं भाडं उतरवलं. तर तू माझ्यावरच डोळे वटारलेस. "लोकांचं उतरलं म्हणून तुमी कावून उतरवायलात, काकू? आमी काय परके हाय का?" असं म्हणून जुनंच भाडं हातावर ठेवलंस. मी जास्तीचे पैसे भाजीच्या डब्यात घालून वर पाठवले, तू तेच चिवड्याखाली दडवून खाली पाठवलेस. दुसऱ्याचा डबा रिकामा परत देऊ नये हे खरं, पण त्याचा असा अर्थ माझ्या आईनं कधी सांगितला नव्हता.

आता मुद्द्याचं लिहिते. त्या रो-हाऊसांतलं पेरूच्या झाडाजवळचं कडेचं घर तू पुन्हा पुन्हा जाऊन पाहतेस, हे मला म्हाळू रिक्षावाल्यानं सांगितलं. बँकेनं तुझ्या पगारावर कर्जाला होकार दिलाय, हे परमेश्वर बोलण्याच्या ओघात बोलून गेला. आणि मी विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, "भाव लई उतरायलेत, आजून थांबू." इंजेक्शन दुखणार नाही ही तुझी थाप दवाखान्यात खपते, नर्सबाई. माझ्यापुढं ही खपायची नाही. मागच्या थंडीत मी न्हाणीत घसरून पडले आणि पातेल्याचा आवाज ऐकून तू कणकेच्या हातानं धावत आलीस. तेव्हापासून तू जिन्याचं दार लावून झोपत नाहीस. भाव उतरायची वाट तू पाहतच नाहीस. म्हातारीला एकटं टाकून जायचं कसं, इथं तुझं पाऊल अडलंय.

तू जावंस असं मलाही वाटत नाही, स्पष्टच लिहिते. हे गेल्यावर वरून तुमच्या पावलांचा आवाज आला नसता, तर हे घर मला खायला उठलं असतं. पण आरोहीचं दहावीचं वर्ष आहे. पहाटेच्या गाडीवर जाणाऱ्या बापाची झोप मोडू नये म्हणून ती वह्या घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसते. काल मी भाकरी थापत होते, तर मला म्हणाली, "आज्जी, मला कवा माझी खोली असंल का?" पोर माझ्या जिवाची आहे. माझ्यापायी तिनं फोडणीच्या धुरात अभ्यास करावा, हे मला सहन होणार नाही.

म्हणून आज सकाळी मी स्वतः ते घर पाहून आले. चांगलं आहे, नळाच्या पाण्याची टाकीही मोठी आहे. पुढच्या दाराशी एक लहान खोली आहे, न्हाणीघर तिला लागूनच. बिल्डरचा माणूस म्हणाला, ही पाहुण्यांसाठी. मला पाहुणी व्हायचं नाही. मंगल, ते घर घे आणि ती खोली मला भाड्यानं दे. हे माझं घर विकायला सध्या बाजार नाही, तर वरचा आणि खालचा असे दोन्ही मजले भाड्यानं लावीन. कमी का होईना, भाडं येत राहील. आदिनाथला कळवलं. तो म्हणाला, "तिथं तुझा जीव रमत असेल तर जा, आई." भाडं घेणार नसशील तर मात्र मी यायची नाही. फुकट राहणाऱ्या म्हातारीला जपून बोलावं लागतं, सांभाळून घ्यावं लागतं. भाडेकरू हक्कानं राहते आणि नळाला पाणी आलं नाही तर मालकिणीशी भांडूही शकते. मला तुझ्याशी भांडत राहायचंय गं. परमेश्वर संध्याकाळच्या गाडीनं परत येईल, त्याच्याजवळ एवढंच सांगून पाठव, की मला ठेवून घेशील का.

तुझीच,
विजयमालाकाकू