दहावीचा जादा वेळ

प्रिय ताई,

तू जाऊन दोन वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण दहावीचा निकाल लागला. माझा! एकोणचाळिसाव्या वर्षी. मराठीत त्रेसष्ट, गणितात नापास. हस, हस!

घाटकोपरच्या खोलीत तू स्वतःचा बारावीचा अभ्यास सोडून माझ्या वह्या पुऱ्या करायचीस, माझ्यासारखं वाकडं अक्षर काढून. मी जिन्यावर, गच्चीत, शेजाऱ्यांकडे, कुठेही असायचे, फक्त वहीसमोर नाही. बाई म्हणायच्या, "डोकं आहे, पण बूड टेकत नाही हिचं."

नववीत बाईंनी वर्गातच लिहायला बसवलं आणि आपलं बिंग फुटलं. बाबांना बोलावून सांगितलं, "हिला शिवणक्लासला घाला." बाबांनी दुसऱ्याच दिवशी शाळेतून माझं नाव काढलं.

तेव्हा तू गप्प का बसलीस गं? भांडायचं होतंस ना! एवढा एकच राग आहे माझा तुझ्यावर.

गेल्या वर्षी सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, हे एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकतच नाही, लहानपणापासूनचं. मी तिथेच रडले. आळशी नव्हते मी, ताई! इतकी वर्षं तेच समजत आले.

मग बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. हे असलेल्यांना पेपरला जादा वेळ मिळतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला घेऊन शाळेच्या ऑफिसात तो मागायला गेले, तर क्लार्क म्हणाला, "मॅडम, हे लहान मुलांचं असतं. या वयात कसला जादा वेळ?"

"नियमात वय लिहिलंय? दाखवा."

"उद्या या."

गेले. परवाही गेले. सातव्या दिवशी सरळ बाकड्यावर डबा उघडला. "हेडबाईंची सही झाल्याशिवाय मी हलत नाही." चार तास एका जागी बसले, यार! मी! शेवटी सही झाली.

मराठीच्या पेपरला घंटा झाली. सगळी मुलं उठली, पर्यवेक्षक बाई माझा पेपर ओढायला लागल्या. मी त्यावर हात ठेवला. "माझा वेळ बाकी आहे." उरलेला निबंध पूर्ण केला आणि मगच उठले.

जुलैत गणिताला पुन्हा बसतेय. आणि ऐक, खालच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीलाही हेच आहे. शाळेने तिच्या आईला सांगितलंय, "दुसरी शाळा बघा." सोमवारी मी त्या दोघींबरोबर जातेय. पोरगी तिच्याच वर्गात जाऊन बसेपर्यंत मी शाळेतून परत यायची नाही. शब्द देते.

तुझी,
वैशू