तलावाची बातमी

ताई,

पाणी उकळूनसुद्धा पिऊ नकोस. मुलींना तर थेंबही देऊ नकोस.

कारखान्याचं सांडपाणी तुमच्या तलावात झिरपतंय. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला स्वतः सांगितलं, म्हणून मी बातमी लिहिली. संपादकांनी ती वाचली, उठून दार लावलं आणि म्हणाले, "कारखाना आपल्याच मालकांचा आहे. जिवावर उदार झालीस का?"

मी तडक दुसऱ्या पेपरात गेले. तिथला जुना मित्र मान वर न करता म्हणाला, "आम्हालाही आता त्यांनीच विकत घेतलंय. टीव्हीवाल्यांनाही. तू आलीस हे कुणाला सांगू नकोस." मी जिना उतरतेय तोच संपादकांचा फोन आला, "तिकडे काय काम काढलंस?"

तेव्हापासून फोन करायचाही धीर होत नाही, ताई, म्हणून लिहायला बसले. पण पत्र पोहोचेपर्यंत मुली तेच पाणी पीत राहतील. आणि शेजारीपाजारी म्हणतील, खरं असतं तर पेपरात आलं नसतं का?

म्हणून हे पाठवत नाही. मीच येते, दारोदार सांगते. भाऊजी त्याच कारखान्यात आहेत, हे विसरलेले नाही. दार तेवढं तूच उघडावंस, असं सारखं मनात येतंय.

घाबरलेली,
तुझी धाकटी