मामाची की मावशीची

एरंडोल,
सोमवार, २१ जुलै २०२५

प्रिय सुलक्षणा,

इकडे सगळं ठीक. तुझी आई, माझी ताईबाई मावशी, परवा येऊन गेली. गुडघे दुखतात, जीभ मात्र तशीच. मला म्हणाली, "मोटारी बांधानं सोडीसन शिनेमा लिखस का रे?"

लिहिला. दहावी नापास, मोटार वाइंडिंग करणाऱ्या माणसाचं नाव पडद्यावर येतं: संवाद, प्रेमराज. सहा सेकंद राहतं. मी मोजले.

सिनेमा निर्दोष नाही. उन्हाळ्याच्या दृश्यात मागे कपाशी फुटलेली दिसते. नायिका अहिराणी बोलते ती तोंडात बोर धरल्यासारखी. मध्यंतरानंतर तर फारच रेंगाळतो. पण त्यात जीव आहे, आणि तो मी घातला.

दिग्दर्शक ललित मूळचा जामनेरचा, वाढला पुण्यात. कथा त्याचीच: घरातल्याच मुलीवर जीव जडतो आणि दोन घरं तुटतात. कागदावर लिहिलेलं, 'कझिन.'

मी विचारलं, "मामाची की मावशीची?"

"काका, कझिन म्हणजे कझिन. काय फरक पडतो?"

"मामाची असली तर दहा मिनिटांत सिनेमा संपला. लोक पत्रिका छापायला घेतील. मावशीची असली तर ती बहीण. मग बघ."

"तुम्हाला बरं माहीत!"

"आमच्याकडे नाती पाठ असतात," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून राखीचा प्रसंग लिहिला. एका बैठकीत, खोडाखोड नाही. सगळ्या बहिणी ओवाळतात, ही दारातच उभी राहते आणि म्हणते, "राखी भुली गऊ मी. पुढना साल देखसू." जळगावच्या खेळाला मी मागे उभा होतो. त्या वाक्याला कोणी खोकलंसुद्धा नाही.

ललितने पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

वाक्य कोणाचं, ते तुला सांगायला नको. तू बावीसची होतीस, मी चोवीसचा. राखी तुझ्या मुठीत होती, बोटांमधून लाल गोंडा दिसत होता. तो मी सिनेमात घेतला नाही. पुढच्या राखीला तू लग्न होऊन धुळ्यात होतीस.

आता तीन ऑगस्टला, रविवारी, धुळ्यात खेळ आहे. तू, तुझे यजमान आणि पुनम अशी तिघं जाणार, असं मावशी म्हणाली. आणि तू अजून कशालाही 'पुढना साल देखसू' म्हणतेस, हेही तीच म्हणाली. पुनम आईचं बोलणं ओळखेल. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर.

पुढच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे २९ तारखेपर्यंत, फोन केलास तर वाक्य काढतो. ललित ओरडेल, ओरडू दे. सिनेमा थोडा लंगडेल, तरी पडणार नाही, बाकीचे संवाद माझेच आहेत. फोन आला नाही तर वाक्य राहील. मग मी काय समजायचं ते समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

पत्राखाली 'तुझा भाऊ' लिहायची रीत आहे. चुकीचं नातं मी ललितलाही लिहू दिलं नाही.

प्रेमराज