घडीचं स्टूल परदेशी जातं

सोमवार, ३ मार्च
आधी दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत मी 'स्टुलांची परदेशी ऑर्डर आली' असं लिहिलं आहे. ते बरोबर नाही. ऑर्डर नाही, चौकशी आली आहे. चारशे घडीची स्टुलं देऊ शकाल का, आणि वस्तूची माहिती कळवा, एवढंच तिकडच्या खरेदीवाल्या बाईंच्या मेलमध्ये आहे. वहीत खोटं राहू नये म्हणून लिहिलं. बरं वाटलं.
घरातही 'ऑर्डर' असंच सांगून बसले आहे. तिथली दुरुस्ती उद्या.

मंगळवार, ४ मार्च
दुरुस्ती राहिली. बाबा सकाळीच शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना फोनवर सांगत होते की ऐंशी बाकांचं काम आता जमणार नाही, मुलीची एक्स्पोर्टची ऑर्डर आहे. 'एक्स्पोर्ट' तीनदा म्हणाले. बाबांचा इतका ताठ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं. शिवाय चौकशीची ऑर्डर व्हायला आठवडा पुरे. म्हणजे मी खोटं बोलले नाही, फक्त लवकर बोलले.

गुरुवार, ६ मार्च
मेल लिहिला. स्टूल माझ्या डोक्यातून निघालेलं: स्क्रू नाही, खिळा नाही, एक खुंटी फिरवली की पाय मिटतात आणि ते दारामागे मावतं. पण यातलं काही लिहिलं नाही. शाळेत जायच्या आधी बाबांनी मला आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये शिकवलं. आकडे मापाच्या टेपवर शिकवले, आणि धंद्याचा नियम: उणं आपण सांगायचं, गुण गिऱ्हाइकाला सापडू द्यायचे. बाबा आधी टेबलातली गाठ दाखवतात. माणूस हसतो आणि टेबल घेऊन जातो. देश बदलला म्हणून नियम कसा बदलेल? तिकडे घरं गरम ठेवतात. लाकूड आकसेल, खुंटी सैल होईल. हा दोष पहिला. असे नऊ निघाले. ११.४० ला पाठवले.

सोमवार, १० मार्च
उत्तर नाही. अभ्यास चालू असणार.
पॉलिशचं काम आत्याकडे. तिने विचारलं, तुझ्या फॉरेनच्या बाईंना लिहिता-वाचता येतं ना गं? म्हटलं, मोठ्या कंपन्यांत वेळ लागतो. ती म्हणाली, लागू दे बाई, पण माझे हात रिकामे आहेत, एका जागी फार वेळ बसलीस तर तुलाच पॉलिश मारीन. आमचे सुतार मिस्त्री हसले नाहीत. ते सकाळपासून पटाशीला धार लावत होते. ती कालही धारदारच होती.
निश्चय: उद्या घरात 'चौकशी' हाच शब्द वापरायचा.

मंगळवार, ११ मार्च
वापरला. बाबांना म्हटलं, अजून त्यांची चौकशी चालू आहे. ते म्हणाले, करू देत की, आपल्यात लपवण्यासारखं काय आहे? तेव्हा तांत्रिकदृष्ट्या सांगून झालं.
झोप नीट नाही.

शुक्रवार, १४ मार्च, दुपार
उत्तर आलं! 'आपल्या असाधारण प्रामाणिकपणाबद्दल आभार.' असाधारण! लगेच आणखी तीन दोष कळवले. त्यातला एक ताजा: मिटताना बोट चिमटतं. माझंच चिमटलं. मेल डाव्या हाताने टाइप केला.
आत्याला काम नव्व्याण्णव टक्के आपलंच म्हणून सांगितलं. ते ऐकून मिस्त्री म्हणाले, बरं झालं ताई, पलीकडच्या कारखान्यातून बोलावणं होतं, तुमचं काम आहे म्हणून नाही म्हटलं. अभिमान वाटला. मग मेल पुन्हा उघडून त्यात 'ऑर्डर' हा शब्द शोधला. मेल लहान आहे म्हणून सापडला नसेल.

सोमवार, १७ मार्च
मेल: 'तुमची यादी आम्हाला फार उपयोगी पडली. तीच आम्ही दुसऱ्या देशातल्या एका पुरवठादाराला पाठवली. त्यांच्या स्टुलात बारापैकी एकही दोष नसल्याचं त्यांनी कळवलं आहे. काम त्यांना दिलं आहे. शुभेच्छा.'
तीनदा वाचला. एकही दोष नाही? लाकूड आहे की काय आहे?
तसं पाहिलं तर माझं काम परदेशात पोचलं. स्टूल नाही, यादी पोचली.
घरी सांगितलं नाही. बाबा खुशीत होते.

मंगळवार, १८ मार्च
जेवताना बाबांनी विचारलं, लाकूड कधी आणायचं? म्हटलं, थोडं थांबू. आत्याने ताटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि एकही टोमणा मारला नाही. तिने टोमणा मारला नाही की मला धडकी भरते.
दुपारी मुख्याध्यापिका बाईंना गुपचूप फोन केला. बाकांचं काम अजून कुणाला दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, गुरुवारी दुपारपर्यंत थांबते, पण होकार तुझ्या बाबांच्या तोंडून हवा. 'नाही' त्यांनीच म्हटलं होतं ना? बरोबरच आहे. म्हणजे आधी बाबांना सगळं सांगायला हवं.
सांगणार आहे. पण घाईत एखादा शब्द पुन्हा चुकायला नको. उद्या काय बोलायचं ते लिहून काढते. गुरुवारी ते शांतपणे तपासते. शुक्रवार, २१ मार्च, सकाळी साडेनऊ, बाबांचा चहा झाल्यावर. नक्की.