हातांचा सिनेमा

अम्मा, रविवारी संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या समाजाच्या हॉलमध्ये माझा सिनेमा दाखवायचं ठरलंय. हॉल सांभाळणाऱ्या मामांनी आज सकाळी स्वतः दारात येऊन सांगितलं, "लग्नाची माणसं पाचला जातात की. मग लाव तू तुझा पडदा." पहिल्या रांगेत शेजारच्या अक्का बसतील आणि त्यांची मुलगी. तिला भिवंडीचं स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे. "सिनेमा बघते, मग सांगते," असं तिनं घरी बजावलंय. अक्कांना त्याचा अर्थ कळलेला नाही. मला कळलाय.

सिनेमा छोटासाच आहे, तुझ्यावर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं कापलेली पानं. मला आठवतं ते असं: तू उंबऱ्याशी बसून बिड्या वळतेस आणि लहानगा मी समोर बसून बोटांची चौकट करून त्यातून तुला बघतोय. "बघायलास काय नुसतं? तोंड हाय न्हाय तुला? दोरा दे इकडं." तू स्वतः मात्र हातांकडे कधी बघायची नाहीस. पान वळलं जायचं, दोरा बसायचा आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टाही व्हायची. तू गेल्यावर मी पुण्यात लोकांच्या लग्नांत, लोकांच्या मालिकांत कॅमेरे उचलले. परत आलो तेव्हा तुझ्यासारखी न बघता बिडी वळणारी ही अक्कांची मुलगी दिसली.

उन्हाळाभर तिच्या दारात कॅमेरा लावला आणि फक्त हात घेत राहिलो. सुरुवातीला ती हसली, "हिरोईनला मुंडकं न्हाय काय रे?" मग एका दुपारी हसली नाही. "माझं तोंड एवढं वाईट हाय काय?" मी लेन्स पुसत बसलो. शेवटी म्हणालो, "उजेड कमी आहे." बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत होतं.

तरी एकदा कॅमेरा चालूच राहिला होता. सूप बाजूला ठेवून ती वर बघते आणि विचारते, "झालं काय?" तो तुकडा मी रोज काढून बघायचो आणि परत ठेवून द्यायचो. सिनेमात घातला तर तुझ्या जागी कायमची तीच दिसेल, ही भीती होती. कारण अम्मा, तुझे हात मला लख्ख आठवतात, चेहरा आठवत नाही. भिंतीवर फोटो आहे, पण त्यातली लाजलेली नवरी मला कधी भेटलेलीच नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

आज दुपारी तो तुकडा सिनेमाच्या शेवटी जोडला. तुला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून तर इतकं मोकळं लिहिता आलं; हा कागद इथेच, कॅमेऱ्याच्या पिशवीत राहील. रविवारी ती पडद्यावरून विचारेल, "झालं काय?" आणि दिवे लागतील. खुर्च्या उचलायला थांबते, असं तिनं सांगितलंय. तेव्हा मला तोंडानं उत्तर द्यावं लागेल. भ्या वाटायलंय, अम्मा.