बेल न वाजवणारा माणूस

रविवार, १२ जानेवारी

बेल बसली एकदाची! दाराला कुलूप, वर कॅमेरा, बाजूला पांढरं बटण. ऐंशी वर्षं आमच्या सिनेगॉगचं, ज्यूंच्या प्रार्थनाघराचं, दार शनिवारी नुसतं ढकललं की उघडायचं. आता बटण दाबा, कॅमेऱ्यात तोंड दाखवा, मग आतून कुणीतरी उघडणार.

कुणीतरी म्हणजे मी. मर्व्हिन म्हणाला, "मर्ना, दार तू सांभाळ. तू तशी मोकळीच असतेस." मोकळीच! प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, बायका त्या दहात धरत नाहीत, तर बसवा हिला दाराशी. दातांचा डॉक्टर होता तेव्हाही असाच. हसत हसत दुखवायचा. अध्यक्ष झाल्यापासून तर विचारूच नका.

पण हो म्हटलं. डिसेंबरात रात्री कुणी आमच्या भिंतीवर ज्यूंविरुद्ध जे रंगवून गेले ते घासायला मीच होते. आणि मग तो फोनवरचा निरोप — "तुम्ही आत कधी असता ते आम्हाला ठाऊक आहे." शांत आवाज. तरुण. अजून कानातून जात नाही.

येत्या शनिवारी इर्व्हला जाऊन वर्ष होईल. नवऱ्यासाठी कद्दिश, गेलेल्या माणसाची प्रार्थना, म्हणून घ्यायचंय; आम्हाला मुलगा नाही, म्हणून मर्व्हिन म्हणेल. पण दहा जण जमले तरच ते म्हणता येतं. आणि आम्ही नऊ.

मंगळवार, १४ जानेवारी

ऑफिसर टॉलिव्हर शिकवून गेला. लहानपणी माझ्याच बसमधून शाळेत जायचा, नाक गळत असायचं सदा. आता कमरेला पिस्तूल! तरी मला अजून मिसेस के.च म्हणतो.

"मिसेस के., जो बेल वाजवत नाही, नुसता उभा राहतो, त्याच्यापासून सावध. हात खिशात, टोपी खाली ओढलेली, आसपास गाडी दिसत नाही — दार उघडायचं नाही. आधी मला फोन. विचार नंतर करा."

मी म्हटलं, "अरे, सव्वीस वर्षं बस चालवली. पायरीवर पाय ठेवला की मला कळायचं कोण खोड्या काढणार ते."

"माझं कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी!"

हसलो दोघं. पण घरी आल्यापासून तीनदा दाराची कडी बघितली.

गुरुवार, १६ जानेवारी

दिवसभर फोन. दहावा काही मिळत नाही. सिडचा गुडघा. लिऑन फ्लोरिडात, ऊन खात पडलाय. "इर्व्हला माझा नमस्कार सांग," म्हणतो. कुठे सांगू रे, गाढवा?

गंमत म्हणजे गेल्या वर्षी आम्ही सहा होतो. भिंत रंगली आणि लोक परत यायला लागले! रूबेन आणि टॅली दहा वर्षं फिरकले नव्हते, आता तान्ही मुलगी कडेवर घेऊन पहिल्या बाकावर. टॅली म्हणाली, "त्यांना आम्ही नको आहोत ना? मग येणारच." भक्ती की हट्ट कोण जाणे. मला दोन्ही चालतात. फक्त अजून एक हवा होता.

शुक्रवार, १७ जानेवारी

इर्व्हची मेणबत्ती लावली. भांडी घासायच्या सिंकमध्येच ठेवली, आई ठेवायची तशी. उद्या रात्रीपर्यंत जळेल. उद्या कुणीतरी येऊ दे रे देवा. एकच माणूस.

शनिवार, १८ जानेवारी, दुपार

शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहू नये. पण आमच्यात पाळतं कोण! गाड्यासुद्धा मागच्या गल्लीत लावतो, चालत आलो असं देवाला वाटावं म्हणून.

लिहायलाच हवं. पकडला!

पावणेदहा वाजता कॅमेऱ्यात दिसला. उंच. जाड कोट, लोकरी टोपी भुवयांपर्यंत. दाढी. हात खिशात. गाडी नाही, पिशवी नाही. बटण नाकासमोर, तरी हात लावेना. कॅमेऱ्याकडे बघतोय, दाराकडे बघतोय. मग मूठ काढून दारावर आपटली! आवाज माझ्यापर्यंत आला नाही, आत गाणं चालू होतं. पण मूठ दिसत होती. टॅलीचं बाळ आत, पहिल्या बाकावर.

केला फोन. टॉलिव्हर चार मिनिटांत. त्याला गाडीला टेकवून हात वर करायला लावले. खिशात काहीच नाही — ओळखपत्र नाही, फोन नाही, पाकीट नाही. असा कोण फिरतो? टॉलिव्हरनं काचेतून मला खुणेनं विचारलं, ओळखीचा? मी मान हलवली. नाही. तो माणूस माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होता. मग गाडीत घालून नेला.

सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. मर्व्हिनसुद्धा म्हणाला, "तू होतीस म्हणून." टॅली तर रडली.

दहावा मात्र नाही आला. अकरापर्यंत वाट बघितली. इर्व्हचं कद्दिश राहिलं.

रविवार, १९ जानेवारी

टॉलिव्हरचा फोन. "मिसेस के., बसला आहात का? तो तुमच्यातलाच आहे."

नाव मेनाशे ग्लुक. लोणच्याच्या कारखान्यात महिनाभरासाठी आलाय, माल आमच्या धर्मातल्या नियमांप्रमाणे होतो की नाही ते बघायला. मोटेलपासून चार मैल बर्फातून चालत आला होता. शब्बाथला गाडीत बसत नाही म्हणून. विजेचं बटण दाबत नाही म्हणून नुसता उभा. अंगावर काही वाहून न्यायचं नाही, म्हणून पिशवी नाही, पाकीट नाही, ओळखपत्र नाही. मूठ आपटली म्हणजे दार ठोठावलं. माणसानं दुसरं करावं तरी काय?

"सांगत होता तो, शब्बाथ आहे म्हणून," टॉलिव्हर म्हणाला. "पण तुमच्याकडे तर सगळे बेल दाबतात. मला काय कळणार? गाडीत बसायला नको नको म्हणत होता. आम्ही बसवला."

दाबतात. सगळे दाबतात. मीच दाबते! माझे आजोबा शुक्रवारी दुपारीच दिवे लावून ठेवायचे. स्वयंपाकघरातला दिवा चुकून कुणी बंद केला तर दुसऱ्या रात्रीपर्यंत आम्ही अंधारात जेवायचो, आणि कुरकुर केली तर हसायचे. मला हे सगळं माहीत होतं. टॉलिव्हरला नव्हतं, मला होतं! नऊ जणांनी दाराला विजेची बेल लावली आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, की खरोखर पाळणारा कुणी आला तर तो आत येणार कसा.

तोच दहावा होता. इर्व्हसाठी मागितलेला. आणि मी काचेतून मान हलवली.

जेवण गेलं नाही.

सोमवार, २० जानेवारी

मोटेलवर गेले. सूप नेलं नाही, माझं स्वयंपाकघर काही नियमांतलं नाही, तिथलं तो खाणार नाही. संत्री नेली.

पन्नाशीचा असेल. खोलीचं दार उघडंच ठेवून बाहेर व्हरांड्यात आला, परक्या बाईबरोबर आत बसायचं नाही म्हणून. थंडीत दोघं उभे. मी माफी मागितली. तीनदा.

"बाई, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत."

"बरोबर कसलं! अहो, तुम्हाला बेड्या घातल्या."

"बेड्या नव्हत्या घातल्या. तो पोलीस मुलगा चांगला होता. कॉफी देत होता."

भाऊ गेलाय त्याचा, दहा महिने झाले. भावाला मूलबाळ नाही, म्हणून कद्दिश हाच म्हणतो, रोज. इतर दिवशी पहाटे गाडीनं यंग्सटाउनला जातो, दीड तास. शनिवारी गाडी नाही, म्हणून आमचं दार. दहा महिन्यांत एकही दिवस चुकला नव्हता. परवाचा चुकला.

मी म्हटलं, "शिव्या द्या मला. बरं वाटेल."

"दार न उघडणाऱ्याला मी कधी शिवी देणार नाही," म्हणाला. एवढंच. आणि संत्री घेऊन आत गेला.

मला रागच आला. असं मोकळं सोडून देतात का कुणाला? परत येताना दोनदा वळण चुकले — सव्वीस वर्षं हेच रस्ते!

बुधवार, २२ जानेवारी

बैठक. भांडण झालं.

मी म्हटलं, कुलूप काढा. टॅली उभीच राहिली. "माझी मुलगी आत असते, मर्ना! तुझं कोण असतं?"

लागलं. पण ती चुकीची नाही. तो आवाज मीही ऐकलाय.

मर्व्हिन म्हणाला, "एका माणसासाठी सगळ्यांना उघड्यावर टाकायचं?"

"त्या एकाशिवाय तू नऊच आहेस, डॉक्टर!"

रूबेन हळूच म्हणाला, कॅमेरा बघतो पण विचारत नाही. माणूस बाहेर उभा राहिला तर विचारेल तरी.

कोण राहणार? शून्याच्या वीस अंश खाली. सगळे बुटांकडे बघायला लागले.

"मी," म्हटलं. "मी तशी मोकळीच असते."

शनिवार, २५ जानेवारी

आला! मला वाटलं नव्हतं येईल.

लांबूनच हात केला. मी किल्लीनं दार उघडलं, तो मान लववून आत गेला. त्याच्यामागे दार लावायला हवं होतं, पण मी बोटभर उघडं ठेवलं आणि पाठ टेकवून उभी राहिले. मर्व्हिननं मोजले. आम्ही माणसं मोजत नाही, अपशकुन होतो, म्हणून दहा शब्दांचं एक वाक्य आहे, एकेका डोक्याला एकेक शब्द. एप्रिलात सणाला पाहुणे आले होते, त्यानंतर पहिल्यांदाच ते वाक्य पुरं झालेलं ऐकलं.

मग कद्दिश. मर्व्हिन इर्व्हसाठी, मेनाशे भावासाठी. दोन आवाज, एक आमच्या गावचा अडखळणारा, एक पाठ असलेला. मर्व्हिन चुकला की मेनाशे थांबायचा. मी फटीतून आमेन म्हटलं. रडले. पापण्यांवर बर्फ झाला रडण्याचा. किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं!

नंतर खारवलेला हेरिंग मासा आणि व्हिस्की. मर्व्हिननं त्याच्या पाठीवर थाप मारली, पुढच्या शनिवारी येशील ना म्हणून. येतो म्हणाला. टॅलीच्या मुलीनं त्याची दाढी ओढली.

तेवढ्यात मेनाशे माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही फट ठेवली होतीत. ठेवू नका."

मी म्हटलं, "मला ऐकायचं होतं हो." तो हसला नाही.

रविवार, २६ जानेवारी

आज मेनाशेला फोन करून विचारलं, भाऊ कशानं गेला. इतके दिवस विचारलंच नव्हतं.

गोळी. त्यांच्याच सिनेगॉगमध्ये, शनिवारी सकाळी. त्या दिवशी दाराची पाळी मेनाशेची होती. गोळी झाडणारा तो पोरगा दारात येऊन गुड मॉर्निंग म्हणाला, थंडीनं कुडकुडत होता, आणि मेनाशेनं दार उघडलं.