कासाबाईची टोळांची पोती

मु. बोरी, चैत्र, सन १३५३ फसली

राजेश्री भुजंगराव पाव्हणे, मुक्काम चुडावा, यांना येडबाचा हात जोडून रामराम. इकडं समदे खुशाल हाव. तुमचा गुडघा कसा हाय? मेंढरांची खरूज गेली का? तुमची बहीण कासाबाई ठीक हाय. (ठीक म्हंजी काय, तिच्यापायीच हे पत्र लिहायलोय.)

सुगीच्या तोंडाला आमच्या शिवारात टोळधाड उतरली, हे तुमच्या कानावर आलंच असंल. आभाळ असं भरून आलं की दिवसाढवळ्या कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. समदा गाव डबे बडवत पळाला, मीबी पळालो. पाटलानं हुकूम काढला, चर खंदून मेलेले टोळ पुरा. आन तुमची बहीण ते पोत्यात भरायली! उन्हात वाळवायली, पंख-तंगड्या मोडून पाखडायली. मी म्हणलं, "कासे, लोक हसायलेत." ती म्हणली, "हसू द्या. उन्हाळ्यात अंडी मागायला हेच येतेत."

फाल्गुनात गावच्या कोंबड्यांची अंडी बंद झाली. कासाबाई मातूर रोज सकाळी मूठभर टोळ पाट्यावर भरडून कोंड्यात कालवून घालायची. भुजंगराव, काय सांगू! तुरे कुंकवावानी लाल झाले, अंड्यातला बलक झेंडूवानी पिवळा. आमचा कोंबडा (मांजर दिसलं की माळवदावर चढणारा) आता कुत्र्याला येशीपस्तोर पळवायलाय. मी हातातली भाकर हातातच धरून बघत बसायचो. एवढ्याशा किड्यात एवढं बळ!

मग लेव्हीचं सरकारी धान्य वसूल करायला आलेल्या गिरदावर साहेबांचे कुणीतरी कान फुंकले, येडबानं घरात धान्याची पोती दडवलीत म्हणून. साहेब चपराशाला घेऊन दारात. मी देवाचं नाव घ्यायलो. (निम्मी ज्वारी टोळांनी खाल्ली, पण लेव्ही पुऱ्या वावराची. कणगीतली उरलीसुरली नेली, तर पावसाळ्यात लेकरांनी काय खायाचं?) कासाबाई चुलीम्होरून हाललीबी न्हाई. चपराशानं पयल्या पोत्याचं तोंड सोडून पोतं उलथं केलं, आन वाळले टोळ भसाभसा साहेबांच्या अंगावर, बुटात, शेरवानीच्या खिशात! अंगणातल्या समद्या कोंबड्या आत घुसल्या. एक साहेबांच्या खांद्यावर, कोंबडा तर थेट टोपीवर.

"या अल्ला! ये क्या बला है?" साहेब ओरडले.

कासाबाई उठली, पदर सारखा केला आन म्हणली, "साहेब, कोंबड्यांचा खाना हाय. दुसरं पोतं सोडू का?"

साहेब "नको, नको" म्हणत बाहीर. कणगीकडं त्यांनी बघितलंबी न्हाई. वरतून तिनं चपराशाच्या रुमालात अंडी बांधून दिली! मी नुसता खांबाला धरून उभा. अशी बाई आमच्या घरात दिली, तुमच्या आई-बापाला माझा दंडवत.

आपला,
येडबा

ता. क. कासाबाई म्हणती, येत्या बाजारी गाडी घेऊन या. कोंबड्यांच्या खान्याची राहिलेली दोन पोती तुमच्याकडं ठिवायचीत.

ता. क. दुसरा. बैल दमदार आना. साहेब गेल्यावर मी ती पोती सरकवायला गेलो, तर हालंनात. आत हात घातला. वर वीतभर टोळ, खाली समदी ज्वारी! मी आपला इतके दिवस, निम्मी ज्वारी खाल्ली म्हणून टोळांना शिव्या द्यायलोय. "मला का सांगितलं न्हाई?" म्हणलं, तर म्हणती, "तुमच्या तोंडावरून साहेबांनी वळखलं असतं." पत्र वाचलं की चुलीत घाला. आन हे मी कागदावर लिवलं, ते तुमच्या बहिणीला कळू देऊ नका.